उसासा की सुस्कारा? : 'द रोड नॉट टेकन' पुन्हा वाचताना

माझ्या मामेभावाने इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं, त्या रात्री त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. पिवळ्या पानांनी भरलेलं जंगल, त्यात दोन फाटे फुटलेला रस्ता आणि वर एका इंग्रजी कवितेच्या शेवटच्या ओळी. खाली मला टॅग करून लिहिलं होतं, 'ताई, हे तुझ्यामुळे.' पंधरा मिनिटांत मामाचा फोन आला. "तू काय सांगितलंस त्याला?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे सल्ला असा दिला नव्हता. पण एक गोष्ट मात्र तो लहान असल्यापासून मी त्याला अनेकदा ऐकवली होती. दहावीला चांगले मार्क असूनही मी आर्ट्स कसं घेतलं, सगळा वर्ग एकीकडे जात असताना मी मळलेली वाट कशी सोडली, वगैरे. ही गोष्ट मी कॉलेजच्या स्टेजवर सांगितली आहे, नोकरीच्या मुलाखतीत सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीतही सांगितली आहे. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की माझी गोष्ट आणि त्या फोटोवरच्या ओळी यांचा साचा एकच आहे. म्हणून ती कविता पुन्हा काढून वाचली. रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन'.

सीबीएसईत शिकलेल्यांना ती आठवत असेल. नववीच्या 'बीहाइव्ह' या पुस्तकात ती वर्षानुवर्षं होती. आम्हाला तिचं तात्पर्य वहीत उतरवून दिलं होतं : कवीने कमी लोक जातात तो मार्ग निवडला आणि त्यामुळे त्याचं आयुष्य घडलं, आपणही तसंच करावं. पाच मार्क. ते मला पैकीच्या पैकी मिळाले होते, हेही आठवतं.

*

कविता लहान आहे. पाच-पाच ओळींची चार कडवी, एकूण वीस ओळी. माणूस एकटा आहे, दिवस पानगळीचे आहेत, रस्त्याला दोन फाटे फुटलेत आणि दोन्हींवरून जाता येत नाही. तो एका फाट्याकडे बराच वेळ बघतो, वळणापलीकडे झाडीत तो दिसेनासा होतो तिथपर्यंत. मग दुसरा धरतो.

का धरतो? इथे कविता सावकाश वाचावी लागते. आधी तो कारण देतो : या रस्त्यावर गवत जरा जास्त होतं, म्हणजे पायांची वर्दळ कमी असावी. पण वाक्य पुरतं संपायच्या आत तो ते मागे घेतो. खरं पाहता दोन्ही सारखेच झिजले होते, असं सांगतो. त्याच्या पुढच्या कडव्यात आणखी एक पुरावा येतो : त्या सकाळी दोन्ही रस्त्यांवर पानांचा थर पडला होता आणि कुणाच्याच पायांनी तो मळला नव्हता. पहिला रस्ता मी पुढे कधीतरी जाईन म्हणून राखून ठेवला, असंही तो म्हणतो. आणि लगेच कबूल करतो, की एका रस्त्यातून दुसरा निघत जातो, तेव्हा परत येणं काही होणार नाही.

इथवर भूतकाळ. चौथ्या कडव्यात काळ बदलतो. पुष्कळ वर्षांनी, कुठेतरी, ही हकिगत मी सांगत असेन, असं तो म्हणतो. तेव्हा मी सांगेन, की कमी वापरातला रस्ता मी धरला होता आणि जो काही फरक पडला तो त्यानेच.

ज्याने आत्ताच सांगितलं की दोन्ही रस्ते सारखे होते, तोच पुढे सांगणार आहे की एक कमी वापरातला होता. कोर्टात असतो तर वकिलाने विचारलं असतं, साक्षीदाराने जबानी का फिरवली? आमच्या वहीतलं तात्पर्य फक्त चौथ्या कडव्यावर उभं होतं. तिसरं कडवं आम्ही पाठ केलं होतं, पण वाचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती. फरक पडला म्हणतो, पण कसला? चांगला की वाईट? तो कुठे पोहोचला, काय झाला, सुखी आहे का, यातलं कवितेत काहीही नाही. 'आयुष्य घडलं' हे आम्ही घातलं.

*

हा शोध माझा नाही. फ्रॉस्टच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वीपासून सांगितलंय. स्वतः फ्रॉस्टही कार्यक्रमात ही कविता वाचताना श्रोत्यांना बजावायचा, की ही फसवी आहे, जपून. २०१५मध्ये डेव्हिड ऑर या समीक्षकाने एक अख्खं पुस्तकच लिहिलं, की अमेरिकेची ही लाडकी कविता जवळजवळ सगळेच चुकीची वाचतात. आणि तरी चुकीचं वाचन काही थांबत नाही. एम. स्कॉट पेक यांच्या १९७८च्या प्रचंड खपाच्या पुस्तकाचं नाव याच कवितेतून आलं, आणि नेमकं त्या 'कमी वापरातल्या' रस्त्याचंच. 'डेड पोएट्स सोसायटी' या १९८९च्या सिनेमात रॉबिन विल्यम्सचा शिक्षक पोरांना अंगणात चालायला लावतो आणि स्वतःची चाल शोधा म्हणताना याच कवितेचा हवाला देतो. आज लिंक्डइनवर नोकरी सोडल्याच्या दर तिसऱ्या पोस्टखाली ती आहे, असं मला तरी वाटतं.

आता तर उलटं वाचनही तेवढंच सोपं झालंय. 'तुम्ही ही कविता आयुष्यभर चुकीची वाचत आलात' अशी तीस सेकंदांची रील मिळते : रस्ते सारखेच होते, माणूस स्वतःला फसवतोय, संपलं. मला हेही वहीतल्या तात्पर्यासारखंच वाटतं. फक्त तात्पर्य बदललं. पाच मार्क तेच.

माझी अडचण अशी. स्वतःला फसवणारा माणूस 'मी पुढे जाऊन स्वतःला फसवणार आहे' असं आधीच सांगत नाही. हा सांगतोय. शेवटच्या कडव्यातलं ते धीट वाक्य तो आत्ता बोलत नाहीये. आपण ते म्हातारपणी बोलू, असं तो आत्ता बघतोय. म्हणजे या कवितेत दोन माणसं आहेत. एक फाट्यावरून नुकता पुढे गेलेला, ज्याला खरं काय ते अजून आठवतंय. दुसरा पुढचा म्हातारा, ज्याने ते विसरून गोष्ट जुळवलेली आहे. आणि तरुण माणूस त्या म्हाताऱ्याला थांबवत नाही, त्याच्यावर रागावतही नाही. तुला ही गोष्ट लागणार, हे मला दिसतंय, एवढंच म्हणतो. आपण जिला फसवणूक म्हणतोय, तिची आगाऊ कबुली या वीस ओळींतच दिलेली आहे. अशा माणसाला ढोंगी कसं म्हणायचं?

शेवटच्या कडव्यात एक बारीक जागा आहे. तिथे म्हातारा आपलं वाक्य सुरू करतो, 'मी' म्हणतो आणि अडखळतो. ओळ तिथेच संपते. पुढची ओळ पुन्हा 'मी'पासून सुरू होते. एवढ्या वर्षांत शेकडो वेळा सांगितलेल्या गोष्टीत माणूस नेमका तिथेच का अडखळावा? काहींना तो नाटकी थांबा वाटतो, परिणाम साधण्यासाठी घेतलेला. मला तिथे एक क्षण खरी आठवण वर येताना दिसते. मग तो ती गिळतो आणि पुढे जातो. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मुलाखतीत माझी गोष्ट सांगताना मीही नेमकी तिथेच थांबते. परिणामासाठीच थांबते, पण त्या थांब्यात मला मावशीचं घर दिसतं. मावशीच्या घराचं पुढे सांगते.

*

ही कविता मराठीत आणायचा प्रयत्न करून बघितला. पूर्ण झाला नाही, होणारही नाही. पण कुठे अडतं ते बघताना कविता जास्त कळली.

पहिली अडचण नावापाशीच. इंग्रजीत रस्ता 'घेतात', मराठीत आपण तो 'धरतो'. मग 'न धरलेली वाट'? व्याकरणाला बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. 'सोडलेली वाट' म्हटलं, तर त्या वाटेवर आधी होतो आणि मग सोडली, असं होतं. 'हुकलेली वाट' म्हटलं, की बस हुकल्यासारखं वाटतं. मला शेवटी 'राहून गेलेली वाट' बरी वाटली, कारण 'राहून जाणं' या क्रियापदाइतकं सोयीचं क्रियापद आपल्याकडे दुसरं नाही. 'फोन करायचा राहून गेला', 'तुला भेटायचं राहून गेलं'. कुणी टाळलं, कुणी ठरवलं, काही कळत नाही. काम आपलं आपणच राहून गेलेलं असतं. निवड करायची आणि निवडीचा कर्ता वाक्यातून गायब करायचा, ही सोय मराठी माणसाला व्याकरणानेच दिलेली आहे.

फ्रॉस्टच्या कवितेत मात्र याच्या बरोबर उलटं चालतं. तिथे कर्ता गायब होत नाही, उलट नको तितका हजर राहतो. निवड जवळजवळ नाणं उडवल्यासारखी झाली. पुढे सांगताना मात्र तिच्या मागे ठाम 'मी' उभा केला. आपण मराठीत अपयश 'राहून गेलं' म्हणून सांगतो आणि यश 'मी निवडलं' म्हणून. म्हणजे दोन्ही कामांसाठी वेगवेगळी वाक्यरचना तयारच असते.

दुसरी गंमत 'मळणं' या शब्दाची. इंग्रजीत झिजलेला रस्ता आणि पायांनी काळवंडलेली पानं या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी क्रियापदं येतात. मराठीत दोन्हींना एकच चालतं : वाट मळते आणि पानंही मळतात. त्यामुळे आपली 'मळलेली वाट' ही झिजून गेलेली म्हण या कवितेत पुन्हा ताजी होते. त्या सकाळी दोन्ही वाटा न मळलेल्या होत्या. 'मळलेली वाट सोडून' असं म्हणायची सोयच नव्हती.

आणि 'वाट' तर काय, आपल्याकडे ती पाहायचीही असते. जी वाट राखून ठेवली ती तिथेच थांबून आपली वाट बघत असेल, हा अर्थ इंग्रजीत कवीला कमवावा लागला असता; मराठीत फुकट मिळतो. 'वाट लागली' हाही अर्थ आहेच, पण तो तूर्त बाजूला ठेवू.

खरी अडचण उशाशी दगड व्हावी तशी झाली ती चौथ्या कडव्यात. म्हातारा ही गोष्ट सांगताना श्वास सोडतो. इंग्रजीत त्याला 'साय' म्हणतात. पण तो कसला? मराठीत ठरवावंच लागतं. 'उसासा' म्हटलं तर दुःख आलं. उसासे विरहात टाकतात. 'सुस्कारा' म्हटलं तर तो थकव्याचा असू शकतो, सुटकेचाही असू शकतो : सुटलो बाबा, बरं झालं हा रस्ता धरला. 'निःश्वास' दोन्हींकडे झुकतो, पण त्याला पुस्तकाचा वास येतो. इंग्रजी शब्द यातलं काहीच सांगत नाही आणि सगळंच आत ठेवतो. मराठी अनुवादक जो शब्द लिहील, त्याने कवितेचा निकाल लागेल.

शिवाय इंग्रजीत या श्वासाचं यमक 'मी'शी जुळतं. 'साय' आणि 'आय'. कडव्यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळी एका यमकाच्या. त्यातली पहिली संपते श्वासावर आणि तिसरी 'मी'वर. म्हातारा 'मी' म्हणतो त्यात तो श्वास ऐकू येतोच. हे मराठीत आणायचं कसं, मला सुचलं नाही.

मग हाच प्रश्न जरा रुंद केला. या कवितेत जी भावना आहे तिला आपल्याकडे नाव काय? परीक्षेत 'पश्चात्ताप' लिहितात. पण पश्चात्तापाला चूक लागते, काहीतरी वाईट केलेलं लागतं. या माणसाने काही वाईट केलेलं नाही. 'खंत' फार जड आहे, ती मनात घर करून बसते. 'हळहळ' बहुधा दुसऱ्यासाठी असते, किंवा हातातलं निसटल्यावर. 'रुखरुख' जवळ येते, पण तिच्यात काहीतरी करायला हवं होतं आणि केलं नाही, अशी टोचणी असते. मला वाटतं फाट्यावर त्याला 'हुरहुर' आहे आणि पुढे राहील ती 'चुटपुट'. चुटपुटीला कारण क्षुल्लक चालतं. जे मिळालं ते वाईट असावं लागत नाही. हॉटेलात शेजारच्या टेबलावर आलेली डिश बघून लागते तीही चुटपुटच. तुमची थाळी चांगली असते. फक्त पोट एकच असतं.

कवितेच्या सुरुवातीलाच त्याला वाईट वाटतं ते हेच : एकाच प्रवाशाला दोन रस्ते चालता येत नाहीत. चुकीचा रस्ता धरल्याचं दुःख नंतरचं. आधीचं दुःख आपण एकच आहोत याचं आहे. कोणताही रस्ता धरला असता तरी ते टळलं नसतं. म्हणूनच नाव धरलेल्या रस्त्याचं नाही, राहिलेल्याचं आहे. दुसरा धरला असता तरी कवितेचं नाव हेच राहिलं असतं.

*

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यासाठी ही कविता लिहिली गेली. इथून पुढे मला ती नुसती कविता म्हणून वाचता येत नाही.

फ्रॉस्ट १९१२मध्ये बायकोमुलांसह अमेरिकेतून इंग्लंडला गेला. तोवर त्याचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. पहिली दोन्ही लंडनमध्ये निघाली, १९१३ आणि १९१४ साली. तिथे त्याची एडवर्ड थॉमसशी मैत्री झाली. थॉमस नावाजलेला समीक्षक होता. बायको आणि तीन मुलांच्या संसारासाठी अखंड परीक्षणं आणि गद्य पुस्तकं लिहायचा, त्यात पिचून जायचा आणि निराशेच्या आजाराशी वर्षानुवर्षं झगडत होता. कविता त्याने लिहिली नव्हती. तुझं गद्य ही कविताच आहे, फक्त ओळी तोड, असं त्याला फ्रॉस्टने पटवलं. १९१४च्या हिवाळ्यात, छत्तिसाव्या वर्षी, थॉमस कविता लिहायला लागला.

१९१४च्या उन्हाळ्यात फ्रॉस्ट ग्लॉस्टरशायरमधल्या डायमॉक गावाजवळ राहत होता. दोघं तिथे मैलोन् मैल फिरायचे. वाट थॉमस ठरवायचा, कारण मित्राला एखादं दुर्मीळ फूल किंवा एखादा देखावा दाखवायचा असायचा. आणि परत येताना बहुतेकदा चुटपुटायचा, की दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर बरं झालं असतं. फ्रॉस्टला त्याची गंमत वाटायची. १९१५च्या फेब्रुवारीत तो अमेरिकेला परतला आणि त्याने ही कविता थॉमसला पाठवली. तेव्हा नाव होतं 'टू रोड्स'. मित्राची काढलेली खोडी होती ती.

थॉमसला खोडी कळली नाही. कविता त्याला लागली. पत्रव्यवहारात फ्रॉस्टने खुलासा केला, की तो श्वास खोटा आहे, लटका, गंमत म्हणून. थॉमसचं उत्तर मला समीक्षेच्या अनेक पुस्तकांपेक्षा मोलाचं वाटतं. त्याचा आशय असा, की तुम्ही स्वतः समोर उभं राहून लोकांना कोणतं हसू हसायचं ते सांगितलं नाही, तर यातली गंमत कुणाला दिसेल असं वाटत नाही. १९१५च्या ऑगस्टमध्ये कविता 'अटलांटिक मंथली'त छापून आली. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला; थॉमसचं म्हणणं खरं ठरत आलंय.

पण मला वाटतं थॉमसने फ्रॉस्टपेक्षा कविता बरोबर वाचली. खोडी करायला बसलेल्या कवीच्या हातून खोडीपेक्षा मोठं काही लिहिलं गेलं होतं. श्वास लटका आहे हे समजायला जर सोबत पत्र लागत असेल, तर कवितेत तो लटका नाही. आणि चुटपुटीबद्दल थॉमसला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याआधी काही महिने, १९१४च्या डिसेंबरात, त्याने 'द साइनपोस्ट' नावाची कविता लिहिली होती : रस्त्यावरच्या खांबाशी उभा, कुठे जावं कळत नाही, आणि मनातलाच एक आवाज त्याला हसतोय. ज्याची थट्टा चालली होती तो स्वतःची थट्टा आधीच, आणि जास्त खोल, करून बसला होता.

त्या वेळी थॉमससमोर खरोखरचे दोन रस्ते होते. एक अमेरिकेचा : न्यू हॅम्पशायरला फ्रॉस्टच्या शेजारी राहायचं, लिहायचं, थोडी शेती करायची. दुसरा सैन्याचा. पहिलं महायुद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. तो सदतीस वर्षांचा, संसारी माणूस. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती तर १९१६ साली आली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. १९१५च्या जुलैमध्ये तो सैन्यात भरती झाला. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये अरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. त्याच वर्षी त्याच्या कवितांचं पुस्तक आलं, आणि ते फ्रॉस्टला अर्पण केलेलं होतं.

*

आता हे वाचल्यावर मनात काय येतं ते मला माहीत आहे, कारण माझ्याही आलं. मित्राने धरसोडीवरून चिडवणारी कविता पाठवली, त्याने ती मनाला लावून घेतली आणि तो युद्धावर गेला. असं अनेकदा लिहिलंही जातं. वाचायला थरारक आहे : कवितेने माणूस मारला.

पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की हे वाक्य चौथ्या कडव्यातल्या म्हाताऱ्याचं आहे. एकच रस्ता, एकच कारण, सगळा फरक त्यानेच पडला. थॉमसच्या निर्णयामागे किती गोष्टी होत्या. डायमॉकजवळ फिरताना एका बंदूकधारी शिकार-रक्षकाने दोघांना धमकावलं होतं. फ्रॉस्ट भिडला आणि आपण मागे सरकलो, ही लाज थॉमसला लागून राहिली होती. ज्या मातीवर तो आयुष्यभर चालला ती आपण न लढता आपली म्हणायची का, हा प्रश्न होता. पैशांची ओढाताण होती. जुनी निराशा होती. त्यात एक कविताही होती. तिचा वाटा किती, हे मोजायचं माप कुणाकडे नाही, थॉमसकडेही नसणार. चरित्रकारापुढेही अखेर पानांनी झाकलेले रस्तेच असतात आणि मागे वळून बघताना त्यालाही एखादा जास्त झिजलेला दिसायला लागतो. मॅथ्यू हॉलिसने थॉमसच्या शेवटच्या वर्षांवर २०११मध्ये लिहिलेलं पुस्तक मला आवडतं, त्याचं कारण ते या सगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवतं.

म्हणजे कवितेची जबाबदारी काहीच नाही? असंही मला म्हणता येत नाही. मामाने फोनवर विचारलेला प्रश्न तोच होता. गोष्ट सांगणारा म्हातारा गोष्ट सांगून मोकळा होतो. पण ती ऐकणारं कुणीतरी पुढच्या फाट्यावर उभं असतं, आणि त्याला ती गोष्ट रस्त्यावरच्या पाटीसारखी दिसते. फ्रॉस्टच्या कवितेत हा ऐकणारा नाही. म्हातारा कुणाला सांगतोय ते लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचताना त्या रिकाम्या जागी मला माझा मामेभाऊ बसलेला दिसला.

*

तेव्हा मावशीचं घर. खरी हकिगत अशी, की दहावीच्या सुट्टीत मी सायन्स आणि आर्ट्स दोन्हींचे फॉर्म भरले होते. दोन्हीकडे नाव लागलं. सायन्सच्या कॉलेजजवळ राहायची सोय नव्हती. हॉस्टेलचा खर्च झेपणारा नव्हता. आर्ट्सच्या कॉलेजपासून मावशीचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. माझ्या वर्गातल्या आणखी तीन मुली त्याच कॉलेजला गेल्या. एकदा मी पाहुण्यांसमोर मळलेल्या वाटेचं भाषण देत असताना आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अगं, मावशीकडे सोय होती म्हणून गेलीस." सगळे हसले, मीही हसले. आणि पुढच्या वेळी गोष्ट पुन्हा तशीच सांगितली.

मामेभावाला मी हे सगळं फोन करून सांगितलं. फ्रॉस्ट आणि थॉमसचंही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो आता कसा आहे, असं तुम्ही विचाराल. विचारा, पण तो बरा असेल तर निर्णय बरोबर आणि बरा नसेल तर चूक, असा हिशोब करू नका. त्याच्या निर्णयामागेही माझ्या गोष्टीशिवाय चार-पाच गोष्टी होत्या, हे त्या फोनवर मला कळलं. त्यातल्या दोन त्याने मामाला अजून सांगितलेल्या नाहीत, म्हणून मीही इथे सांगत नाही.

मग त्याने विचारलं, "म्हणजे तुला आर्ट्सला जायचंच नव्हतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडखळले. मला आठवेना. ते दोन फॉर्म समोर ठेवून बसलेली मुलगी मला दिसत होती, टेबलावरचं प्लास्टिक दिसत होतं, पण तिला काय हवं होतं ते काही केल्या दिसेना. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट तिच्यावर पानांसारखी पडून होती. "माहीत नाही रे," मी म्हणाले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मला कुणी विचारलं ना, तर मी तुझी जुनी गोष्टच सांगणार."

फोन ठेवताना मी श्वास सोडला. कोणता, ते मलाही सांगता येणार नाही.